पेटीला चालणारं भांडं

माणूस मरतो तो नियम ठाऊक नसल्यामुळं. नियम ठाऊक असलेला माणूस मेला तर ती त्याची वैयक्तिक चूक असती, संस्थेची न्हाई. हे वाक्य उमापूरच्या अलीकडच्या एका गावात दूध संस्थेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं हाय, आन खाली चेअरमन सुंदररावांचं नाव हाय, म्हणजे ते खरंच असणार.

तर ऐका बे. ह्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली ती नेमकी दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षात. सभासदांना भेट काय द्यायची ह्याचा ठराव मात्र पाऊसपाणी बरं असतानाच होऊन गेलता. सुंदरराव पुण्याला अभ्यासदौऱ्यावर गेलते, तिथं हॉटेलात त्यांनी एक पेटी बघितली. आत गार दूध ठेवायचं, टिंग वाजलं की गरम दूध भायेर. सुंदररावांनी पेटीच्या मागं वाकून बघितलं, जाळ कुठंच न्हाई. दौऱ्यात एवढाच अभ्यास झाला, पण पक्का झाला. पेट्या गावात आल्या तवर संस्थेचं दूध चौदाशे लिटरवरून नव्वद लिटरवर आलतं आन जनावरं चारा छावणीत बांधलेली. पण ठराव म्हणजे ठराव. दूध न्हाई म्हणून दूध तापवायची पेटी वाटू नये, असं पोटनियमात कुठं लिहिलंय? सचिव धोंडीरामनं पोटनियम तीनदा वाचले. कुठंच न्हाई. चौसष्ट सभासदांना चौसष्ट मायक्रोवेव वाटले.

पेटीबरोबर एक छापील पत्रक होतं. कंपनीच्या पुस्तकावरून धोंडीरामनं सोताच्या डोक्यानं मराठीत उतरवलेलं:

घरगुती सूक्ष्मलहर भट्टी : सुरक्षित वापराबाबत सभासदांस सूचना

१. भट्टी रिकामी चालवू नये. आत दूध नसल्यास पाणी ठेवावे. पाणी नसल्यास टँकर येईपर्यंत थांबावे.

२. भट्टीत धातूचे भांडे ठेवू नये. (स्टील हा धातू आहे. याबाबत कार्यालयात येऊन वाद घालू नये.)

३. अंडे कवचासह ठेवू नये, फुटते. माळकरी सभासदांनी सोलूनही ठेवू नये.

४. भट्टी चालू असताना दार उघडून आत वाकून पाहू नये. दार लावून वाकण्यास हरकत नाही.

५. असुरक्षित वापर आढळल्यास भट्टी जमा करून घेण्यात येईल.

महिन्याभरानं संस्थेनं पाहणी केली. तेवीस घरांत पेटीत बी-बियाणं ठेवलेलं होतं (उंदीर शिरत न्हाई). सतरा घरांत तिच्यावर टीव्ही ठेवलता. अकरा घरांत सातबारा, रेशनकार्ड आन दवाखान्याची कागदं. नऊ घरांत ती खोक्यासकट लेकीच्या लग्नाला राखून ठेवलेली. तीन घरांत आत लिंबागणेशच्या गणपतीची तसबीर होती, कारण दार काचेचं, देव दिसतो आन धूळ बसत न्हाई. म्हणजे त्रेसष्ट घरांत पेटी वायरीला जोडलेलीच नव्हती, आन त्रेसष्ट घरांत अपघात शून्य. सुरक्षित वापराचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर. जिल्ह्यातल्या शहाण्यासुरत्या शहरात तरी एवढं हाय का?

राह्यलं एक घर. राधाकिशनअण्णांचं. तिथं पेटी चालू केली गेली, आन सगळा घोळ तिथनंच सुरू झाला.

त्या घरात अण्णा, त्यांच्या मालकीणबाई वच्छलाबाई, टँकर चालवणारा ल्योक उत्तरेश्वर, आन त्याची बायको शिवकन्या. पेटी लावायचा हट्ट शिवकन्याचा. आता सुनेनं हट्ट करायची पद्धत त्या घरात नव्हती, म्हणून ती फक्त रोज पेटीवरची धूळ पुसायची आन म्हणायची, "किती दिस पुसायची ही?" बाविसाव्या दिवशी अण्णांनीच वैतागून प्लग लावला.

तिला ती पेटी कावून पाहिजे होती, ते नीट समजून घ्या, कारण पुढं सगळं त्याच्यावरच हाय. सहा वर्षं झाली लग्नाला, आन सहा वर्षांत शिवकन्यानं सासरी गरम जेवण जेवलेलं नव्हतं. छळ बिळ काय न्हाई, उगं कुणावर आळ नको. पद्धतच तशी. आधी अण्णा जेवणार, मग टँकरच्या फेऱ्यांत जसा येईल तसा उत्तरेश्वर, मग वच्छलाबाई, मग ती. आन ती ताटावर बसली रे बसली की गल्लीत टँकरचा हॉर्न. घागरी घेऊन पळायचं. नळीला हात लागंपर्यंत तासभर. परत येऊन बघावं तर पिठलं दगडावानी घट्ट आन भाकरी चपलावानी. एका ताटासाठी गॅस पेटवायला वच्छलाबाईंचा विरोध होता. त्या म्हणायच्या, "पोटात गेल्यावर गरम होतंच की." ह्याला शास्त्रीय आधार हाय, त्यामुळं शिवकन्या गारच गिळायची. पण पेटीला गॅस लागत न्हाई, अन् अर्ध्या मिनिटाचा खेळ. बास, तिच्या मनानं घेतलं.

पैल्या दिवशी पेटी चालवायचा मान वच्छलाबाईंनी घेतला. हळदीकुंकू लावलं आन स्टीलच्या वाटीत दूध ठेवलं. वाटीवर त्यांच्या माहेरच्यांचं नाव कोरलेलं होतं. असल्या वाटीला कुणी धातू म्हणंल असं त्यांना वाटलंच न्हाई. बटण दाबलं आन आत कडाड्‌कन वीज चमकली. एकदा न्हाई, चारदा. निळी, जांभळी, आवाजासकट. अण्णा ओसरीत पडलेले होते ते धोतर सावरत अंगणात पळाले आन आभाळाकडं बघायला लागले. शेजारचे आले. समोरचे आले. सगळी गल्ली माना वर करून हुबी. तीन वर्षांत गावात पैल्यांदा वीज कडाडली ती राधाकिशनअण्णांच्या सैपाकघरात. एका म्हातारीनं तर वाळवण आत घेतलं.

ढग न्हाई दिसला, पण बातमी संस्थेत पोचली. दुसऱ्या दिवशी नोटीस आली: सूचना क्रमांक दोनचा भंग. आठ दिवसांत सुरक्षित वापराचं प्रात्यक्षिक तपासणी समितीपुढं करून दाखवावं, न्हाईतर भट्टी जमा.

शिवकन्यानं नोटीस दोनदा वाचली आन भांडी मोजायला बसली. घरात लहानमोठी एकशे सतरा भांडी निघाली. स्टील, पितळ, तांबं, जर्मल. बिनधातूचं एकबी न्हाई. तिनं तेलाच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण ठेवून बघितलं, ते पेटीत मुरकुटून बसलं. मातीचं गाडगं आणायला गेली तर कुंभार म्हणाला, "माती भिजवायला पाणी आण, मग मडकं घेऊन जा." मग तिला शोकेसमधला कपबश्यांचा संच आठवला. तिच्या लग्नातला, मामानं दिलेला, सहा वर्षांत एकदाबी न वापरलेला. कडेनं सोनेरी रेघ. तिनं देवाचं नाव घेऊन त्यातला एक आत ठेवला, आन त्या रेघेनं कपाभोवती ठिणग्यांची माळ धरली. ह्या वेळी अण्णा उठले न्हाईत. एकदा फसवलेल्या आभाळावर माणूस परत इश्वास ठेवत न्हाई.

कंपनीच्या पुस्तकात चित्रासकट लिहिलंच होतं: साधा पांढरा चिनी मातीचा कप, नक्षी नसलेला, सोनेरी रेघ नसलेला. शिवकन्या ते वाचत दारात बसली होती. मान वर केली, आन समोर ओसरीच्या कोनाड्यात तिला तो दिसला.

साधा. पांढरा. कान तुटलेला. बशीवर उपडा.

हा कप सलीमचा. सलीम म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा उमापूरचा मिस्त्री. त्याच्या आधी त्याचे वडील दस्तगीरचाचा यायचे तवापासनं हा कप त्या कोनाड्यात. ह्याच्यात भेदभाव वगैरे काय नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वच्छलाबाई कधी कुणाला वेगळं मानत नव्हत्या. उलट सलीमचा त्यांना लई जिव्हाळा. म्हणून तर त्याला सोताचा कप होता. घरात अण्णांना सोताचा कप न्हाई, उत्तरेश्वरला न्हाई, खुद्द चेअरमन आले तर त्यांनाबी हाताला लागंल त्या पेल्यात चहा. एकट्या सलीमला राखीव. त्यातनं दुसरं कुणी पीत नसे, त्याला दुसरं कुणी शिवत नसे, आन धुवायचा मानसुद्धा त्याचाच होता: चहा पिला की तो सोता विसळून परत उपडा घालायचा. एवढा मान जावयाला तरी देतंय का कुणी?

दुपारी सगळे आडवे झाले. शिवकन्यानं कप उचलला, धुतला, त्यात पिठलं घातलं, वर भाकरी कुस्करली, पेटीत ठेवला. तीस सेकंद. टिंग. ठिणगी न्हाई, धूर न्हाई. तिनं पैला घास तोंडात घातला आन जीभ भाजली. सहा वर्षांनी जीभ भाजली बे तिची. ती तिथंच ओट्याला टेकून, फुंकर मारमारून, कप पुसून काढंपर्यंत जेवली.

असं चार दिवस चाललं, कप धुऊन परत कोनाड्यात. पाचव्या दिवशी त्या टिंगनं वच्छलाबाईंना जाग आली.

"त्यो कप कुठला गं?"

"आपलाच की, आत्या."

"आपला न्हाई त्यो. सलीमचा हाय."

"मग आपल्या घरात कावून हाय?"

वच्छलाबाई उठून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तू त्यातनं खाल्लंस?"

"चार दिस झाले."

"आन मला बोलली न्हाईस?"

"सकाळचा तुमचा चहा गार झालता ना? त्योबी ह्यातच तापवलता. मग पेल्यात वतला."

वच्छलाबाईंनी जीभ तोंडात सगळीकडं फिरवून बघितली. सगळं जागच्या जागी होतं. त्यात अडचण अशी की तो चहा झकास झालाय असं त्याच सकाळी म्हणून बसलेल्या.

"ठेव तिथंच जाऊन," त्या म्हणाल्या.

"ठेवते. मग परवा समिती आली की पेटी घेऊन जाऊ द्या. मी काय, सवय हाय मला गाराची." हे शिवकन्या एवढ्या गरिबीनं म्हणाली की वच्छलाबाईंना ऐकायला लई जड गेलं. शिवाय पेटी गल्लीतनं परत जाणार, म्हणजे सगळी गल्ली बघणार. आधीच वीज पाडल्याचं नाव झालेलं.

शेवटी त्यांनी धोंडीरामला बोलावून तांत्रिक सल्ला मागितला, कुणाचं नाव न घेता. "समजा एखादं भांडं भायेरचं असंल, तर ही पेटी त्याला आतून तापवती का वरून?"

"आतून, काकू. कणान्‌कण हालतो."

"कणान्‌कण?"

"पुस्तकात तसंच हाय."

हे वच्छलाबाईंना पटलं. चुलीचा जाळ भांड्याला नुसता भायेरून लागतो, तरी त्यानं शुद्ध होतं म्हणतात. ही तर कणान्‌कण हालवणारी. त्यांनी कपात तुळशीची दोन पानं आन पाणी घालून तीन मिनिटं पेटी फिरवली, आन कप घरात घेतला. आता कप घरचा झाला, म्हणजे कोनाडा रिकामा झाला. कोनाडा रिकामा ठेवला तर सलीमला वाटायचं आपला मान कमी झाला. मग तिथं काय ठेवावं? पेटीला न चालणारं, घरात कामाचं नसलेलं, असं एकच होतं. शोकेसमधला सोनेरी रेघेचा कप बशीसकट कोनाड्यात जाऊन उपडा बसला.

आठव्या दिवशी समिती आली. अध्यक्ष सुंदरराव, सचिव धोंडीराम, आन अर्थिंग तपासायला तांत्रिक सदस्य पाहिजे म्हणून त्यांनी ज्याला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं तो सलीम.

शिवकन्यानं ओट्यावरचा कप पातेल्याआड सरकवला.

सलीम तेवीस वर्षं त्या घरी येत होता, पण ओसरीच्या आत पाय टाकलेला न्हाई. मोटार विहिरीवर, बोर्ड ओसरीत, आत त्याचं काय काम? आज कामच आत होतं. उंबऱ्यापाशी तो थांबला. धोंडीराम मागनं म्हणाला, "चल की बे, समितीत हायेस तू." वच्छलाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत बाजूला झाल्या. सलीमनं प्लग बघितला, टेस्टर लावला, "अर्थिंग ठीक हाय," म्हणाला, आन तेवढ्यात शिवकन्यानं चहा भरलेला कप पेटीत ठेवून बटण दाबलं. पेटीत दिवा लागला. कप उजेडात गोल गोल फिरायला लागला, तुटक्या कानाची बाजू दर फेरीला समोर येत होती. सलीम बघत राह्यला. सुंदररावबी बघत राह्यले. असला कप त्यांच्याबी कोनाड्यात होता. असल्या कपाची ओळख पटायला चष्मा लागत न्हाई.

टिंग.

धोंडीरामनं कागद काढला. "प्रात्यक्षिकात तापवलेला पदार्थ समितीच्या प्रत्येक सदस्यानं भट्टीतल्याच भांड्यातनं चाखायचा हाय. धोका असू शकतो म्हणून पैल्यांदा तांत्रिक सदस्य. त्याला काय झालं न्हाई तर अध्यक्ष. मग मी."

"दुसरं भांडं घ्या की," सुंदरराव म्हणाले.

"दुसरं चालत न्हाई, साहेब. सूचना क्रमांक दोन. तुमचीच सही हाय."

"उद्या घेऊ मग."

"उद्या जिल्हा संघाला कळवायचंय. निदान एक भट्टी चालू पाहिजे, न्हाईतर सुरक्षिततेचा पुरस्कार शेजारच्या संस्थेला जातो. त्यांच्याकडं दोन चालू हायेत."

सगळ्यांनी सलीमकडं बघितलं. शिवकन्या पदराचं टोक मुठीत धरून हुबी होती. तो एवढंच म्हणाला असता, हा तर माझा कप, की संपलं होतं. चेअरमन उठले असते, सासूचं तोंड उतरलं असतं, आन पेटी मोटारसायकलवर बसून गेली असती.

सलीमनं कप दोन्ही हातांनी उचलला, सवयीनं, कान नसल्यामुळं तसाच उचलावा लागतो. घोटभर पिला.

"काय धोका न्हाई," तो म्हणाला. "कप माझ्या चांगल्या वळखीचा हाय."

धोंडीराम लिहीत होता: 'भांडे तांत्रिक सदस्याच्या परिचयाचे असून निर्धोक आहे.' सलीमनं कप चेअरमनपुढं धरला.

सुंदररावांनी कपाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, पुरस्काराचा इचार केला. नको म्हणावं तर कावून नको ते सांगावं लागणार, आन धोंडीराम तर शिंकसुद्धा इतिवृत्तात घेतो. त्यांनी डोळे मिटले आन पिले. मग धोंडीराम पिला. सूर्य होता तिथंच राह्यला. पास!

जाताना सलीम ओसरीत आला, सवयीनं कोनाड्याकडं हात गेला, आन तो हसायलाच लागला.

"मावशी, ह्ये काय? सोन्याचा कप? माझं लगीन ठरवलं का काय परत? घरी हमीदाला विचारा की आधी!"

"तुझा मान हाय बाबा त्यो," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मान लई वाढला. पण मावशी, त्याला रेघ हाय. माझा चहा गार झाला तर ह्या वैनी पेटीत तापवून देतील कशा? ठिणग्या पडतील." असं म्हणून त्यानं तो कप परत वच्छलाबाईंच्या हातात दिला आन पुढं काय होतंय ते बघत मिशीत हसत हुबा राह्यला. वच्छलाबाई कप घेऊन तशाच. आत ठेवावा तर कोनाडा रिकामा, भायेर ठेवावा तर मिस्त्री घेत न्हाई. शिवकन्या आत गेली, पांढरा कप भरून तापवून आणला आन सलीमच्या हातात दिला. त्यानं पिला, विसळायला उठला, तर तिनं तो हातातनं काढून घेतला.

त्या दिवशीबी ती शेवटीच जेवली. पद्धत काय एका दिवसात जात न्हाई. टँकर आला, गेली, तासाभरानं आली. मग त्याच कपात पिठलं. टिंग. जीभ भाजली.

संस्थेनं पुढं ठराव केला की प्रत्येक सभासदानं पेटीला चालणारं एक भांडं घरात ठेवावं. भांड्यांच्या पैल्या पाहणीत चौसष्टपैकी त्रेसष्ट घरांनी लिहून दिलं की असलं भांडं आमच्याकडं न्हाई. तवा चेअरमन सुंदरराव बैठकीत खाली मान घालून म्हणाले, "घरात बघू नका. ओसरीत बघा." दुसऱ्या पाहणीत एकोणसाठ सापडली. पुरस्कार मिळाला, भिंतीवर लावलाय.

हसताय ना? हसा. खेड्यातली माणसं, त्यांना काय कळतंय. तुमच्या फ्लॅटात तसलं काय नसतं, तुमच्याकडं कोनाडाच न्हाई. तुमचे सगळे कप चिनी मातीचे, एकजात मायक्रोवेवला चालणारे. फक्त फरशी पुसायला येणाऱ्या मावशींचा तेवढा स्टीलचा, ओट्याखाली, उपडा ठेवलेला. पडला तर फुटू नये म्हणून, आमाला म्हाईत हाय. सहज एक विचारतो: त्यांना सकाळचा उरलेला चहा देताना तुमी तो गरम करता का? आन करत असाल, तर कशात?